आत्याची साक्ष

वसईत ऑक्टोबर म्हणजे घरोघरी रोझरीचा, म्हणजे मारियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. माझं जिच्याशी लग्न ठरत होतं त्या कॅथॉलिक मुलीच्या आईवडिलांना भेटायला मी पहिल्यांदा गेलो ते नेमका त्याच वेळेला. चहा झाला, केळीच्या बागेची चौकशी झाली, आणि सात वाजता सगळं घर अल्तारासमोर, घरातल्या वेदीसमोर, गुडघ्यांवर. मीही टेकलो. मारियेची प्रार्थना मला येत नव्हती, तिथे नुसते ओठ हलवले. पण प्रभूची प्रार्थना आली तसा मला जोर चढला. ही तर आपली! अर्धी सांगणाऱ्याने म्हणायची, उरलेली इतरांनी. मी खणखणीत आवाजात रोजच्या भाकरीपासून सुरू झालो, ‘वाइटापासून सोडव’पर्यंत पोचलो आणि न थांबता पुढे निघालो: ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ...’

खोलीत मी एकटाच बोलत होतो. बाकीचे ‘आमेन’ म्हणून मोकळे झाले होते. तिच्या भाच्याने उशीत तोंड खुपसलं. तिची आजी डोळे न उघडता सामवेदी बोलीत काहीतरी पुटपुटली, त्यावर सगळे हसले. परतीच्या लोकलमध्ये मी तिला अर्थ विचारला. आजी म्हणाली होती, ‘पोराचं बोलणं संपत नाही, पण आवाज चांगला आहे.’

मी नगर जिल्ह्यातला. आमच्या घरात पणजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती धर्म आहे, तो अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचा. हे लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला आले. आमच्या गावचं देऊळ म्हणजे पत्र्याची लांबट खोली, समोर टेबल, टेबलावर बायबल, खाली सतरंजी. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. ‘उपासना संगीता’तली ना. वा. टिळकांची पदं, पेटी, टाळ आणि तासाभराचा उपदेश. इतिहास म्हणाल तर आमच्या संडे स्कूलमध्ये पेंटेकॉस्टचा, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा, दिवस झाला की गाडी बोगद्यात शिरायची. मध्ये 1517 साली ल्यूथर नावाचं, प्रोटेस्टंट पंथ जिथून सुरू झाला ते, एक स्टेशन लागायचं, आणि बाहेर निघायची ती थेट नगरला. एवढी वर्षं अंधारात गेली हे कधी जाणवलंही नव्हतं. लग्नाच्या कागदपत्रांनी मला त्या बोगद्यातून पायी चालायला लावलं.

तिच्या धर्मग्रामातले, म्हणजे पॅरिशमधले, फादर वयस्कर होते. एके काळी सेमिनरीत शिकवत असत. ऑफिसात लोखंडी कपाट, भिंतीवर गोन्सालो गार्सियांचं चित्र. वसईत जन्मलेला हा माणूस 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 साली संत झाला. फादरांनी कागदांची यादी सांगितली. तिचा स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचाच, दाखला, तोही सहा महिन्यांच्या आत काढलेला. माझा बाप्तिस्म्याचा दाखला. मी अविवाहित असल्याचं आमच्या पाळकसाहेबांचं पत्र. लग्नाच्या तयारीचं दोन दिवसांचं शिबिर. तीन रविवार दोन्हीकडे घोषणा. आणि एवढं सगळं जमल्यावर धर्मप्रांताच्या महागुरूंची, म्हणजे बिशपांची, परवानगी.

मी हे घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी ताट सारलं. ‘आपण काय आज ख्रिस्ती झालोत? परवानगी कसली?’

त्यांचा राग मला पटत होता. रविवारी जाऊन तोच प्रश्न मी फादरांना जरा सभ्य भाषेत विचारला. फादर म्हणाले, ‘तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणूनच नुसती परवानगी. नसता तर सूट मागावी लागली असती. ती वेगळी गोष्ट. म्हणून तर तुमचा दाखला पाहिजे.’

आणि दाखलाच नव्हता.

माझा बाप्तिस्मा 1987 सालचा. गावच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मी सुट्टी काढून गेलो, पाळकसाहेबांच्या घरातली पेटी उघडली. पुठ्ठा शाबूत, आत मातीच्या नळ्या. दोन-चार पानांवर जांभळ्या शाईच्या शेपट्या उरल्या होत्या, त्यांत माझं नाव असेलही. हल्लीचे पाळकसाहेब चांगले. म्हणाले, ‘मी लिहून देतो की हा आमच्या मंडळीचा सभासद आहे.’ पण सभासद असणं वेगळं आणि कपाळावर पाणी पडलं असणं वेगळं. शिवाय ज्यांनी मला बाप्तिस्मा दिला त्या पाळकांची कथा साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. पुढे मंडळीच्या पैशांत गोंधळ झाला, त्यांना सेवेतून काढलं, नंतर ते गावातूनही गेले. आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की बायका विषय बदलतात.

मी हे फादरांपासून लपवायचं ठरवलं होतं. पण ती म्हणाली, लग्नाच्या कागदावर खोटं नको. तेव्हा सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता माझ्याच मनातली शंकाही बाहेर पडली: तो माणूसच तसा निघाला, मग त्याने दिलेला बाप्तिस्मा कसला?

फादरांनी चष्मा काढला. ‘हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही,’ म्हणाले. ‘यावरून उत्तर आफ्रिकेत शंभर वर्षांवर भांडण चाललं.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचून पक्कं केलं. 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. हुकूम निघाला, पवित्र पुस्तकं जमा करा. कित्येकांनी नकार दिला आणि मेले. काही बिशपांनी मात्र पुस्तकं अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांना नाव पडलं ‘ट्रादितोर’, म्हणजे हवाली करणारा. छळ थांबला आणि हिशेब सुरू झाले. कार्थेज शहरात सिसिलियन नावाचा बिशप नेमला, तर विरोधक म्हणाले, याच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांत एक ट्रादितोर होता, तेव्हा याचं बिशपपद खोटं, याने दिलेले संस्कार खोटे. या पक्षाला पुढे त्यांच्या पुढाऱ्यावरून डोनाटिस्ट म्हणू लागले. त्यांच्यात यायचं तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागे. 314 साली आर्ल इथे बिशपांची सभा भरली. तिने ठरवलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल, तर तो पुन्हा द्यायचा नाही. तरी आफ्रिकेत गावोगाव दोन-दोन चर्चेस राहिलीच.

मला खरं सांगायचं तर डोनाटिस्टांचं म्हणणं पटलं. ज्यांच्या घरातली माणसं पुस्तकासाठी मेली, त्यांनी ते देऊन जीव वाचवणाऱ्याच्या हातून प्रसाद का घ्यावा? आमच्या गावातल्या बायका विषय बदलतात त्याही एका परीने डोनाटिस्टच. फादरांना हे बोललो तर ते हसले नाहीत. ‘पटण्यासारखंच आहे,’ म्हणाले. ‘म्हणून तर ऑगस्टिनला इतकं लिहावं लागलं.’

ऑगस्टिन हिप्पोचा बिशप. हिप्पो म्हणजे आज अल्जीरियातलं अन्नाबा. त्याचं म्हणणं असं की बाप्तिस्मा देणाऱ्याच्या मालकीचा नसतोच. पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्त, यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. त्याने एक दृष्टांत दिलाय तो फादरांनी खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितला. बाहेर कोणाची तरी पानवेल होती, मधून पाट. दगडी पाटातून पाणी वाहतं. पाटात काही उगवत नाही, दगड तो दगडच राहतो. पण वाफ्यातल्या वेलीला पाणी पोचतं.

‘तुमचे ते पाळक दगड निघाले असतील,’ फादर म्हणाले. ‘पाणी पोचलं का, एवढंच मला विचारायचंय. पाहिलेलं माणूस कोण आहे?’

पाहिलेलं माणूस म्हणजे आत्या. आई नाही, आईला त्या दिवशी ताप होता. मला मांडीवर घेऊन बसली होती ती आत्या.

आत्या सत्तरीची. नगरहून एसटीने ठाण्याला, तिथून माझ्याबरोबर लोकलने वसईला. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पिशवीत बायबल, कारण ‘साक्ष द्यायची म्हणजे शपथ आलीच’. फादरांनी खुर्ची दिली, तिने ती ओढून दाराजवळ घेतली. मग प्रश्न सुरू झाले. कोणत्या दिवशी? ‘पाम संडेला.’ पाणी कसं घातलं? आत्याने हाताचा द्रोण करून दाखवला. ‘पितळेची वाटी होती. एकदा घातलं, हा रडला. दुसऱ्यांदा घातलं. तिसऱ्यांदा माझ्या लुगड्यावर सांडलं, पण थोडं ह्याच्यावर गेलंच.’ पाळक काय म्हणाले? तिने शब्द जसेच्या तसे सांगितले, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, माझं नावही त्याच सुरात घेतलं. पैशांच्या भानगडीतला तो माणूस त्या क्षणी तिच्या तोंडून बोलत होता.

मग ती थांबली. खाली बघून म्हणाली, ‘एक सांगायचं राहिलं. पाणी विहिरीचं नव्हतं. दुष्काळ होता. टँकरचं होतं.’

इतकी वर्षं हे ओझं तिने वागवलं होतं की काय कोण जाणे. फादर मात्र एकदम खुलले. कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं: दिदाखे, म्हणजे प्रेषितांची शिकवण. ख्रिस्ती मंडळींसाठीचं फार जुनं नियमांचं पुस्तक, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. मधली कित्येक शतकं ते हरवलंच होतं. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला त्याची हस्तलिखित प्रत सापडली. त्यात बाप्तिस्म्याचा नियम असा: वाहत्या पाण्यात द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी घालावं. म्हणजे पाण्याच्या टंचाईची तरतूद पहिल्यापासूनच होती. आम्ही मात्र वाटीभर पाणी म्हणजे खास आपल्या मंडळीची रीत समजत होतो, आणि डुबकी देणारे लोक आम्हाला त्यावरून हिणवत आले होते.

‘त्यातच तुमची ओळही आहे,’ फादर मला म्हणाले. रोझरीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती तर! दिदाखेत प्रभूची प्रार्थना दिलीय आणि तिच्या शेवटी सामर्थ्य आणि गौरव येतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मात्र ही ओळ नाही. लोक उपासनेत म्हणत म्हणत ती नंतरच्या ग्रीक प्रतींत उतरली असावी. लॅटिन बायबलमध्ये ती नव्हती, म्हणून रोमच्या परंपरेत प्रार्थना वाइटापाशी थांबली. 1516 साली इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक नवा करार छापला तो नंतरच्या हस्तलिखितांवरून. प्रोटेस्टंट भाषांतरं त्या वाटेने निघाली, आणि ओळ जर्मनीतून, इंग्लंडातून, अमेरिकेतून फिरत आमच्या सतरंजीवर येऊन बसली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे कॅथॉलिकांची प्रभुभोजनाची उपासना, नव्याने मांडली तेव्हा कॅथॉलिकांनीही ती घेतली, पण मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना ठेवून. रोझरीत नाही, मिस्सेत आहे. मी चुकलो होतो तो फक्त जागेबाबत.

आत्याने तीन ठिकाणी सही केली. फादर म्हणाले, एक साक्षीदार पुरतो, माणूस विश्वासाचा हवा. परतताना तिने मला विचारलं, ‘ते पाटाचं कोणी सांगितलं म्हणालास? आपल्याकडचं आहे का ते पुस्तक?’ मी म्हटलं, तो माणूस ल्यूथरच्या हजार वर्षं आधीचा, आणि ल्यूथर स्वतः ऑगस्टिनच्या नावाच्या संघातला साधू. ‘मग आपलाच की,’ ती म्हणाली, आणि गाडी सुटली तशी पिशवीतून भाकरी काढली.

पुढचा कागद होता वचनाचा, आणि त्यावर घरात खरं रण पेटलं. कॅथॉलिक जोडीदाराने लिहून द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथॉलिक म्हणून वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन. वडिलांना वाटलं मला सही करायचीय. नव्हती. मला फक्त हे वचन वाचून दाखवायचं होतं. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला, तोवर माझ्यासारख्यालाही सही करावी लागायची. योगायोग असा की त्याच वर्षी, 29 नोव्हेंबरला, नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, आमची सी.एन.आय., जन्मली. तिच्यात अर्भकांना बाप्तिस्मा देणारेही आले आणि मोठेपणी कबुलीनंतर देणारेही, आणि दोन्ही रीती ठेवायच्या असं ठरलं. वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग मुलांचं तुम्ही दोघं बघा.’ त्यांच्याकडून यापेक्षा मोठा आशीर्वाद मी अपेक्षिलाही नव्हता.

त्या कागदाचं खरं मोल मला आजीने सांगितलं. तिच्या तरुणपणी, मिस्सा लॅटिनमध्ये असतानाच्या काळात, तिच्या मावसबहिणीने मुंबईतल्या एका प्रोटेस्टंट मुलाशी लग्न केलं. लग्न चर्चमध्ये लागलं नाही. मागच्या खोलीत लागलं, जिथे फादर झगे बदलतात. फुलं नाहीत, गाणं नाही, घंटा नाही. ‘चोरासारखं,’ आजी म्हणाली. तेव्हाचा नियमच तसा होता. मिश्र विवाह चर्चच्या बाहेर, विधीची शोभा वजा करून. आजीला अजून लॅटिन उत्तरं पाठ आहेत. ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटलं की झोपेतही ‘एत कुम स्पिरितु तुओ’ म्हणेल. पण ते दिवस परत यावेत असं तिला वाटत नाही.

एका गोष्टीला मात्र अर्जात रकाना नव्हता. तिच्या काकांनी मला बागेत फिरायला नेलं आणि मूळ गाव विचारलं, मग आडनाव, मग ‘ख्रिस्ती व्हायच्या आधीचे तुम्ही कोण?’ मी सांगितलं, महार. ते बराच वेळ केळीची पानं बघत राहिले. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतली, पुढे इंग्रज आले नि गेले, महागुरू बदलले, मिस्सेची भाषा बदलली. हा प्रश्न तेवढा सगळ्यांना पुरून उरला. धर्मांतराच्या वेळी मिशनऱ्यांनी इथे जाती मोडायचा फारसा हट्ट धरला नाही. आमच्या मिशनने तोंडाने धरला, पण वस्ती आमची गावकुसाबाहेरच राहिली. महागुरूंची परवानगी आठ दिवसांत आली. काकांची यायला चार महिने लागले, आणि ती तिने मिळवली, मी नाही.

लग्न मिस्सेशिवाय करायचं ठरलं. मिस्सा असती तर तिने प्रभुभोजन घेतलं असतं आणि मी शेजारी हात बांधून बसलो असतो. प्रभुभोजनातल्या भाकरीचं नेमकं काय होतं यावर 1529 साली मारबुर्गला ल्यूथर आणि दुसरा सुधारक झ्विंगली यांचंही जमलं नाही, तिथे माझी काय कथा! आमच्याकडे स्टीलच्या ट्रेमध्ये बोटभर उंचीचे पेले येतात, द्राक्षरसाचे. ही येशूच्या काळची साधी रीत, अशी लहानपणी माझी पक्की समजूत. निघालं भलतंच. न आंबणारा द्राक्षरस 1869 साली अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने तयार केला, दारूबंदीवाल्या मंडळ्यांसाठी. वेगवेगळे पेले आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जंतूंच्या भीतीने. आणि तिच्याकडे सामान्य माणसाला पेला मिळत नसे त्यामागे 1415 सालची कॉन्स्टन्सची परिषद, जिने त्याच वर्षी यान हुस या सुधारकाला दोषी ठरवलं आणि त्याला जाळण्यात आलं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे तुमचा पेला डेंटिस्टचा आणि आमचा गायब.’

लग्न मे महिन्यात झालं, उकाडा मरणाचा. संमती फादरांनी विचारली, कारण ती दोनदा विचारायची नसते. आमच्या पाळकसाहेबांनी करिंथकरांस पत्रातला प्रेमाचा अध्याय वाचला आणि टिळकांचं एक पद म्हटलं. त्याला वसईच्या गायनमंडळाने ऐन वेळी कीबोर्डवर साथ दिली, सूर जरा वर लागला. प्रभूच्या प्रार्थनेला मी वाइटापाशी थांबलो. माझ्या मागच्या चार रांगा, नगरहून बसने आलेल्या, थांबल्या नाहीत. आत्याचा आवाज सगळ्यांत वर होता. फादर ओळ पूर्ण होईपर्यंत वाट बघत उभे राहिले.

सह्या झाल्यावर फादरांनी कपाटातून तिच्या जन्मवर्षाचं स्नानसंस्काराचं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे समासात आमच्या लग्नाची तारीख, चर्चचं नाव आणि माझं नाव लिहिलं. 1907 सालापासूनचा हा नियम. लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची, म्हणजे कोणी एक लग्न लपवून दुसरं करू नये. सहा महिन्यांच्या आतला दाखला कशासाठी मागतात तेही तेव्हा उमगलं.

वडील खांद्यावरून वाकून हे बघत होते. गावी गेल्यावर त्यांनी पाळकसाहेबांकडे नवं रजिस्टर मागितलं. आमच्याकडे समास सोडायची पद्धत नाही, आणि माझी नोंद तर वाळवीच्या पोटात. तेव्हा पाळकसाहेबांनी पहिल्या कोऱ्या पानावर 1987 सालचा माझा बाप्तिस्मा नव्याने लिहिला. ‘साक्षीदार’ या शब्दापुढे आत्याने सही केली, आणि ‘पाणी’ असा रकाना नसताना खाली कंसात स्वतःच्या हाताने लिहिलं: टँकरचे.